सोसायटीत मॅनेजर व्हायचंय? आधी फ्लॅट मोजा

बी.कॉम. झाल्यावर ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या 48 फ्लॅटच्या सोसायटीत मी मॅनेजर म्हणून लागले. पगार 12,000. दोन वर्षांत काम दुप्पट झालं आणि पगार मात्र 14,000 वर अडकला. खजिनदार काकांकडे विषय काढला तर त्यांनी पाण्याच्या बिलाच्या मागच्या बाजूला भागाकार करून दाखवला. ‘‘14,000 भागिले 48, म्हणजे घरटी 292 रुपये. तुला 25,000 द्यायचे तर घरटी 521. मेंटेनन्स वाढवायचा म्हटला की वार्षिक सभेत, एजीएममध्ये काय होतं ते तू बघतेसच, बाळ.’’

काका खरं बोलत होते. आपला पगार मेंटेनन्समधूनच येतो, त्यामुळे लहान सोसायटी मनात आणलं तरी एका मर्यादेपलीकडे देऊ शकत नाही. वर्षभरातच मी 312 फ्लॅटच्या संकुलात गेले. तिथे 26,000 मिळाले आणि घरटी बोजा पडला जेमतेम 83 रुपये. म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते: मुलाखतीला जाण्याआधी फ्लॅट मोजा, मेंटेनन्स विचारा, थकबाकी किती आहे तेही विचारा. क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव, सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर जबाबदारी वाढते, आणि तिथे जास्त पगार मागायला आधार असतो.

दुसरी गोष्ट, नेमणूक पत्र कोणाचं आहे ते पाहा. एजन्सीमार्फत लागलात तर सोसायटी जे बिल भरते त्यात एजन्सीचा वाटा आणि 18 टक्के जीएसटीही असतो. सोसायटीला वाटतं आपण भरपूर देतोय, तुमच्या हातात मात्र कमी पडतं. सोसायटीने थेट नेमलं तर हा मधला वाटा वाचतो. पण 20 पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर पीएफ बंधनकारक नसतो, तो आधीच बोलून घ्यावा लागतो.

पगारवाढीचं म्हणाल तर माझी पहिली मोठी वाढ टँकरमुळे झाली. एका मे महिन्यात पाण्याचं बिल पास करायला आलं, 74 टँकरचं. मला आकडा खटकला. वॉचमनच्या केबिनमधली वही आणली, त्याच्याशेजारी बसून एकेक नोंद टिकमार्क करत गेले. वहीत 63 निघाले. 11 टँकर जास्तीचे, 1,800 रुपयांनी 19,800. बिल दुरुस्त करून घेतलं आणि त्या दिवसापासून टँकर आत आला की गाडीचा नंबर, वेळ आणि वॉचमनची सही असल्याशिवाय टँकरवाल्याची पावती घ्यायची नाही असा नियम केला. पुढच्याच कमिटी मीटिंगमध्ये पगार 31,000 झाला.

मात्र त्यापुढची वाढ सोसायट्यांचा कायदा समजायला लागला म्हणून मिळाली. तेव्हाच्या नियमांप्रमाणे थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के आणि तेही सरळ व्याज, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क, फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना घ्यायचं हस्तांतरणाचं प्रीमियम कमाल 25,000. हे तोंडपाठ असलं की ऑफिसमधले निम्मे वाद टेबलावरच मिटतात. थकबाकी वसुलीचं प्रकरण सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे नेता येणं हे तर फार मोलाचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचं कलम 154ब-29 झालंय, पण सगळे अजून जुन्या कलमाच्या नंबरावरून ‘एकशे एक’च म्हणतात. मी पहिलं प्रकरण वकिलांच्या मागे फिरून शिकले. पुढची कागदपत्रं स्वतः तयार केली. सहकार खात्याची जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची परीक्षाही दिली. पदवीधर असाल तर तुम्हीही द्या. त्या अभ्यासात ताळेबंद, ऑडिट आणि सहकार कायदा एकत्र होतो, आणि कमिटीतली मंडळी त्या पदविकेला मान देतात.

वाढ दिवाळीच्या सुमारास मागू नका. एजीएम 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, अंदाजपत्रक त्याआधीच बनतं. मी जुलैच्या पहिल्या रविवारी सेक्रेटरींना एका पानाचा तक्ता देते. मागच्या वेळी त्यात होतं: थकबाकीदार फ्लॅट 31 वरून 6, लिफ्टचा देखभाल करार मुदतीत नूतनीकरण, ऑडिटमधल्या सगळ्या हरकतींची पूर्तता. शेवटच्या ओळीत मागितलेला पगार, 46,000, आणि त्याच्यापुढे घरटी 147 रुपये.