हॉस्पिटलच्या बिलिंगला लागायचा विचार करताय? जळगाव-धुळ्याकडचा अनुभव

बी.कॉम. झालं की आपल्याकडची पोरं-पोरी एकतर सीएकडे आर्टिकलशिप बघतात नाहीतर बँकेच्या परीक्षांना बसतात, हॉस्पिटलचं बिलिंग कुणाच्या डोक्यातच येत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, कुठेही जा, टॅली येणारा आणि पेशंटच्या नातेवाईकाशी नीट बोलणारा माणूस हॉस्पिटलवाल्यांना सापडत नाही. पगार सुरुवातीला बेताचाच, खोटं कशाला सांगू. पण काम असं आहे की वर्षभरात डोकं चालायला लागतं.

नवीन माणसाला वाटतं वसुली म्हणजे बिल थकलं की फोन फिरवायचे. तसं नसतं भो, पैसा बुडायचा असेल तर तो ऍडमिशनच्या काउंटरवरच बुडतो. आपल्या भागात पाटील आणि महाजन किती, विचारू नका. वेटिंगमध्ये राजेंद्र पाटील म्हणून हाक मारली तर तिघं उठतात. म्हणून नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि यूएचआयडी नंबर (म्हणजे हॉस्पिटलने त्या पेशंटला दिलेला ओळख नंबर), हे सगळं घेतल्याशिवाय फाईल पुढे सरकवू नका, आणि नाव आधारवर जसं आहे तसंच टाका. रेशनकार्डावर दगडू, आधारवर दगडूलाल आणि पॉलिसीत तिसरंच काही, अशी केस आली की विमा किंवा योजनेवाल्यांची क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारं पत्र, येणार म्हणजे येणार.

मग विचारायचं पैसे कुठून येणार. महात्मा फुले जन आरोग्य योजना असेल तर पेशंटला आधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, पाठवा. ही योजना २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला धुळे जिल्हा होता, त्यामुळे तिकडच्या जुन्या लोकांना अजून "राजीव गांधीत बसंल का" असंच विचारायची सवय आहे, गोंधळू नका. आता कव्हर ५ लाखांपर्यंत आहे. योजनेत बसलेल्या उपचाराला पेशंटकडून वरून पैसे घ्यायचे नाहीत, कुणी "थोडे घेऊन टाक" म्हटलं तरी नाही, पावती फाडणारा हात तुमचा असतो. भुसावळकडे रेल्वेवाले भरपूर, त्यांचं नुसतं उमीद कार्ड (रेल्वेचं मेडिकल कार्ड) बघून क्रेडिटवर, म्हणजे बिल रेल्वे भरेल असं धरून, घेऊ नका, इमर्जन्सी सोडली तर रेल्वे हॉस्पिटलचं रेफरल लेटर हातात पाहिजे.

कॅशलेसमध्ये, म्हणजे बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते तिथे, नवीन माणूस हमखास अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा बिल झालं ८०,००० चं. कंपनीशी ठरलेल्या रेटमुळे त्यातले १०,००० डिस्काउंटमध्ये गेले. ग्लोव्ह्ज, रजिस्ट्रेशन वगैरे नॉन-पेएबल, म्हणजे विमा देत नाही ते, ५,००० पेशंटने काउंटरवर भरले. अप्रूव्हल राहिलं ६५,००० चं. पण बँकेत जमा होतात ५८,५००, कारण टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी, १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पाठवतो, ते ६,५०० आयकराच्या पोर्टलवर हॉस्पिटलच्या पॅनखाली दिसतात. आता लेजरला ८०,००० आणि बँकेत ५८,५०० बघून पोरगा २१,५०० बाकी दाखवतो आणि सरळ पेशंटच्या घरी फोन लावतो. त्या माणसाकडे एक रुपया बाकी नाही! डिस्काउंटचा फरक करारात आपणच सोडलेला असतो, तो पेशंटकडून मागायचा नाही. म्हणून प्रत्येक क्लेमला यूटीआर नंबर (बँकेत पैसे आल्याचा व्यवहार नंबर), सेटलमेंट लेटर आणि टीडीएस अशा तीन एन्ट्र्या जुळल्याशिवाय बाकी म्हणायचं नाही. हे रोजच्या रोज करा, महिन्याने बसलात तर एकाच यूटीआरमध्ये दहा पेशंटचे पैसे एकत्र आलेले असतात आणि मग रात्र होते.

डिस्चार्जच्या दिवशी सगळा राग बिलिंगवर निघतो. फायनल बिल पाठवल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने उत्तर द्यायचं असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२४ मध्येच सांगितलंय, त्यामुळे बिल कितीला पाठवलं ती वेळ लिहून ठेवा आणि नातेवाईकांना दाखवा, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

कॅशचं एक लक्षात ठेवाच. कपाशी विकून आलेला माणूस पिशवीतून बंडलं काढतो आणि म्हणतो मोजून घे. एका ऍडमिशनचे सगळे मिळून २ लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, तीन दिवसांत तीन पावत्या फाडल्या तरी चालत नाही, आयकरवाले ते एकच धरतात आणि घेतली तेवढ्याच रकमेचा दंड हॉस्पिटलला लागू शकतो. शांतपणे सांगा, उरलेले बँकेतून ट्रान्स्फर करा. ५,००० च्या वरच्या रोख पावतीला १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावायला विसरू नका, ऑडिटर पहिलं तेच बघतो.

उधारी. बिल बाकी आहे म्हणून पेशंटला किंवा मयताला अडवून ठेवता येत नाही, कोण काय सांगेल ते सांगो. त्याऐवजी लेखी हमी, दोन फोन नंबर आणि तारीख घ्या. तारीख मात्र शेतकऱ्याच्या हिशोबाने. रावेर-यावलचा केळीवाला असेल तर माल कटला की पैसा येतो, कपाशीवाल्याला पावसाळ्यात फोन करून दोघांचा वेळ जातो, त्याला दिवाळीनंतरची तारीख द्या. फोनवर आधी तब्येत विचारा, मग पैसे. "काय चालनं आबा, पायाची पट्टी निघाली का" असं विचारलं तर आबा स्वतःच बाकीचा विषय काढतात. आपल्याकडे पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं कमी नाहीत, ते कारण ऐकू आलं तर लगेच बहाणा समजू नका, हप्ते पाडून द्या.

चेक घेतला तर त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत टाका. बाऊन्स झाला तर रिटर्न मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी) फाईलला लावून तारीख कॅलेंडरवर गोल करा, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, चेक देणाऱ्याला पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, तरी नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. पंधरा-वीस हजारासाठी कुणी कोर्टात जात नाही हे खरं, पण नोटीस वेळेत गेली की बरेच जण स्वतःहून काउंटरवर येतात, आणि तेव्हा पावती लगेच फाडून द्या, "साहेब आल्यावर देतो" म्हणू नका.