विल्सन की स्विनहो? मुंबईच्या समुद्रातले दोन स्टॉर्म पेट्रेल असे ओळखा

नारळी पौर्णिमा झाली की बोटी परत खोल समुद्रात जायला लागतात, तेव्हा ओळखीच्या तांडेलाबरोबर वर्सोव्याहून पक्षी बघायला जाणार असाल तर एक सांगतो, पाण्यालगत छोटं काळपट पाखरू, म्हणजे खोल समुद्रावर राहणारा स्टॉर्म पेट्रेल, दिसलं की लगेच कंबरेवरचा पांढरा पट्टा शोधत बसू नका, तेवढ्यात ते लाटेमागे जातं. आधी ते उडतंय कसं ते बघा.

विल्सन खाताना पंख वर धरतो आणि पाण्यावर पाय आपटत अक्षरशः नाचतो. पाय एवढे लांब की सरळ उडताना शेपटीच्या बाहेर आलेले दिसतात. स्विनहो सहसा नाचत नाही, त्याचे पंख जास्त लांब, कोपरात वाकलेले, आणि तो उसळ्या मारत, मधेच दिशा बदलत सुसाट जातो. हा फरक लांबूनही कळतो, म्हणून मी यालाच पहिला नंबर देतो.

मग कंबर बघा. बिल्डिंगखाली घरटी करणारी पाकोळी असते ना, तिच्यासारखाच विल्सनच्या शेपटीच्या वर पांढरा पट्टा असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी खाली उतरतो त्यामुळे बाजूनेही दिसतो. स्विनहोची कंबर काळपटच. पंखावरची फिकट पट्टी दोघांनाही असते, तिच्यावर जाऊ नका!

शेपटी विल्सनची सरळ कापलेली आणि स्विनहोची खाच असलेली, पण मिटलेली असली की खाच दिसत नाही. आकाराचंही तसंच, पंखांचा पसारा विल्सनचा साधारण ४० सेंमी, स्विनहोचा ४५ च्या आसपास, पण एकटा पक्षी असेल तर अंदाज चुकतोच.

त्यामुळे शटर स्पीड जास्त ठेवून धडाधड फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा, स्विनहोच्या पंखाच्या टोकाकडच्या मोठ्या पिसांचे दांडे मुळाशी पांढरे असतात, तर विल्सनच्या बोटांमधला पडदा पिवळा.

विल्सन अंटार्क्टिकाकडे अंडी घालतो आणि तिकडच्या हिवाळ्यात वर येतो, स्विनहो जपान-कोरियाकडच्या बेटांवरून अरबी समुद्रात येतो, एवढीशी पाखरं आणि केवढा प्रवास!

पावसाळ्यात वाऱ्याने भरकटून एखादा जुहू, अक्सा बीचवर पडलेला मिळाला तर पाय आणि कंबरेचा एक फोटो घ्या आणि बास, परत पाण्यात फेकू नका, खायला घालू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि लगेच वनविभागाला कळवा.