एआरटीचा रुग्ण सुटू नये म्हणून: कोकणातल्या केंद्रांसाठी

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचं रोज घ्यायचं औषध. त्याचा रुग्ण उपचारातून गळतो तो बहुतेक वेळा पुढची औषधं न्यायला यायच्या तारखेपाशी. गोळी नकोशी झाली म्हणून सोडणारे असतात, पण त्याहून जास्त जण त्या दिवशी यायला जमलं नाही म्हणून सुटतात आणि मग ओरडा बसेल या धास्तीने पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून पहिलं काम तारीख नीट देण्याचं.

बाटलीत ३० गोळ्या असतात. पुढची तारीख २८व्या दिवसाची द्या, म्हणजे दोन गोळ्या हाताशी राहतात. तीन महिन्यांच्या ९० गोळ्या दिल्या तर ८४व्या दिवशी बोलवा. दर खेपेला उरलेल्या गोळ्या मोजा. ३० दिवसांनी आलेल्याकडे पाच गोळ्या उरल्या असतील तर पाच डोस चुकलेत. 'घेतो की रोज' या उत्तरापेक्षा हा आकडा खरा. मात्र मोजणी झडतीसारखी झाली तर पुढच्या वेळी रुग्ण बाटली रिकामी करूनच येईल.

तारीख लिहिताना कोकणाचं वर्ष डोळ्यांपुढे हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात परप्रांतीय खलाशी गावी जातात आणि ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या की परततात. आंब्याच्या बागांवरचे नेपाळी कामगार हंगाम आटोपला की निघतात. शिमगा आणि गणपतीला चाकरमानी येतात. त्यांच्यातला कुणी मुंबईतल्या केंद्राचा रुग्ण असतो आणि सुट्टी लांबली की गोळ्या संपतात. तेव्हा मे महिन्याच्या भेटीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पावसात कुठे असणार? स्थिर रुग्ण असेल तर तीन महिन्यांचं औषध तेव्हाच द्या. मंडणगडच्या माणसाला भर पावसात रत्नागिरीला यायला लावलं तर त्याचा अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते. परगावी जाणाऱ्याने हिरवी पुस्तिका (केंद्राने दिलेली उपचाराच्या नोंदींची वही) सोबत ठेवली तर प्रवासातही दुसऱ्या एआरटी केंद्रातून औषध मिळू शकतं. निघण्याआधी तिथे एक फोन करून ठेवा. कायमचा जाणार असेल तर रीतसर ट्रान्सफर. नेपाळातही एआरटी मोफत मिळते, त्यामुळे कायमचं घरी परतणाऱ्याला चालू औषधं, सुरुवातीची तारीख आणि शेवटचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) लिहिलेलं पत्र द्यायचं.

लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राला जोडलेलं, स्थिर रुग्णांना औषध देणारं छोटं केंद्र) जवळ आहे म्हणून रुग्णाला परस्पर तिकडे वळवू नका. तालुक्याच्या रुग्णालयात त्याची चुलत बहीण शिपाई असते, केसपेपर लिहिणारा वाडीतलाच निघतो. काही जण म्हणूनच मुद्दाम लांबचं केंद्र धरतात. आधी विचारा. एचआयव्हीच्या रुग्णांना मिळणाऱ्या एसटीच्या सवलतीचंही तेच: पैसे वाचतात, पण कंडक्टर ओळखीचा असेल तर तो पास बाहेर काढायची हिंमत होत नाही. अशा वेळी सवलतीचा आग्रह धरण्यापेक्षा खेपा कमी करून द्या.

नोंदणीच्या दिवशी दोन फोन नंबर घ्या, आणि नंबराइतकंच महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं ते ठरवा. कुणाला 'बचत गटातून बोलतोय' चालतं, कुणाला नाव न सांगता फोन ठेवलेला बरा वाटतो. ठरलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा, कारण पुढचा फोन दुसराच कर्मचारी करेल. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची माहिती उघड करायला मनाई आहे. शेजारणीजवळ ठेवलेला 'दवाखान्यात यायला सांगा' हा निरोपही त्याला महागात पडू शकतो. घरी जायचं तर संमती आधीच घेतलेली हवी, आणि दवाखान्याचं नाव रंगवलेली गाडी वाडीच्या तोंडाशी नेऊ नये.

तारीख चुकली की दुसऱ्याच दिवशी फोन. खलाशाचा लागणार नाही, तो समुद्रात असेल. बोट बंदराला कधी लागते ते आधीच विचारून ठेवलेलं असावं. आठवडाभरात पत्ता लागला नाही तर संमती असलेल्यांची नावं काळजी व आधार केंद्राच्या (रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या केंद्राच्या) क्षेत्र कार्यकर्त्याकडे द्या. नव्वद दिवसांची वाट पाहिली तर शोधण्यासारखं फारसं उरत नाही. पहिल्या सहा महिन्यांतल्या रुग्णांची यादी वेगळी ठेवा, गळती तिथे जास्त.

गोळीबद्दल नेमकं सांगा. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्रॅविर यांची एक गोळी, दिवसातून एकदा, पोट भरलेलं असो वा रिकामं. रात्रपाळीच्या बोटीवर घड्याळाची वेळ पाळणं अवघड, म्हणून रोज ठरलेल्या चहाशी किंवा जेवणाशी जोडून द्या. विसरली तर आठवताच घ्यायची, दोन एकदम नाहीत. 'दारू प्यायलो म्हणून आज नको' हे फार ऐकू येतं. प्यायला तरी गोळी चुकवायची नाही, असं स्पष्ट बोला. पित्तावरचं अँटासिड घेत असेल तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोलुटेग्रॅविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. हिपॅटायटिस बी असलेल्याने औषध अचानक थांबवलं तर यकृताचा आजार उसळतो, हे त्याला ठाऊक हवं.

बाटली लपवायची म्हणून काही जण सगळ्या गोळ्या डबीत ओततात. पावसाळ्याच्या दमटपणात त्या खराब होतात. ओलावा शोषणारी पुडी मूळ बाटलीतच राहू द्यायची आणि डबीत आठवड्यापुरत्याच काढायच्या.

'बरा झालो' म्हणून सोडणाऱ्याला व्हायरल लोडचा कागद दाखवा. सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी ही तपासणी होते. विषाणू सापडत नसेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे ऐकल्यावर गोळीकडे बघण्याची नजर बदलते. आकडा (एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूच्या प्रती) १००० किंवा त्याहून वर आला तर लगेच औषध बदलायची घाई नको. आधी तीन महिने दर महिन्याला समुपदेशन, गोळ्या नियमित, मग पुन्हा तपासणी.

खंड पडून परतलेल्याला रांगेत उभं करू नका. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे टीबीचे चार प्रश्न विचारा, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजणारी रक्ततपासणी) पाठवा, आणि डॉक्टरांना दाखवून त्याच दिवशी औषध हातात पडेल असं पाहा. 'इतके दिवस कुठे होतास?' याऐवजी 'पुढची तारीख कधीची जमेल?' विचारा.