फ्लश टँकचा अँगल कॉक गळतोय? घरीच बदलता येतो

अँगल कॉक म्हणजे भिंतीतून टँकला पाणी देणारा छोटा कॉक. आधी नक्की कुठून गळतंय ते बघा, कारण प्रत्येक वेळी कॉक बदलावाच लागतो असं नाही. सगळं कोरडं पुसून घ्या आणि टिश्यू पेपरचा तुकडा एकेका जॉइंटला लावत जा, जिथे ओला होईल तिथे लीकेज. कॉकपासून टँकला जाणाऱ्या कनेक्शन पाईपच्या नटपाशी असेल तर बहुतेक वेळा आतला रबरी वायसर गेलेला असतो, तेवढा बदलला की झालं. फिरवायच्या दांडीतून झिरपत असेल तर जुन्या पद्धतीच्या कॉकला दांडीखालचा नट थोडा आवळून बघा. कॉकची बॉडी चिरली असेल किंवा बंद करूनही पाणी येतच असेल तर मात्र बदला.

नवा घ्यायला जाताना जुन्याचा फोटो न्या, माप शक्यतो १/२ इंची असतं. पितळेचाच घ्या, प्लास्टिकच्या कॉकचे आटे जास्त आवळले की तुटतात. कनेक्शन पाईप जुना असेल तर तोही सोबतच बदलून टाका, परत सगळं खोलायला नको.

आता मेन कॉक बंद, फ्लश करून टँक रिकामा आणि खालच्या लेव्हलचा एखादा नळ उघडून लाईनमधलं उरलेलं पाणी काढून टाका, खाली बादली ठेवा. कनेक्शन पाईप सोडवा आणि मग कॉक पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पण सावकाश. अडकला असेल तर झटके अजिबात देऊ नका, भिंतीतला पाईप पिळला गेला किंवा आत आटा तुटून राहिला तर टाईल फोडायची वेळ येते. पाईप बाहेर दिसत असेल तर दुसऱ्या पान्याने तो धरून ठेवा. तरीही हलत नसेल तर खरंच थांबा आणि प्लंबर बोलवा.

निघाला की भिंतीतले आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, जुनी टेप जराही राहता कामा नये. नव्या कॉकचे आटे आपल्याकडे करून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, ताणून, १० ते १२ वेढे. उलटी गुंडाळली तर कॉक बसवताना ती सुटत जाते आणि मग परत गळतं, हीच चूक सगळ्यात जास्त होते. कॉक आधी हातानेच बसवा म्हणजे आटा वाकडा जाणार नाही, मग पान्याखाली कापड ठेवून आवळा, म्हणजे पॉलिश जात नाही. कनेक्शन पाईप जोडायचं तोंड वर यायला हवं. थोडं पुढे गेलं तर मागे फिरवू नका, मागे घेतलं की टेपचं सील सुटतं, काढून नवी टेप लावा.

कनेक्शन पाईपला टेप लागत नाही, तिथे वायसरच सील करतो. हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा. पण टँकच्या बाजूचं टोक लगेच जोडू नका, ते बादलीत धरून मेन हळूहळू उघडा आणि थोडं पाणी वाहू द्या, लाईनमधला गंज-कचरा निघून जातो, नाहीतर तो टँकच्या बॉलकॉकमध्ये (टँक भरला की पाणी बंद करणारा आतला कॉक) जाऊन बसतो. मग कॉक बंद करून टोक जोडा आणि चालू करा.

कोरडा टिश्यू परत सगळीकडे लावून बघा, तासाभराने एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, कारण बारीक झिरपणं लगेच दिसत नाही.