सरप्लस मिलिटरी जॅकेट कसं निवडायचं आणि त्याच्या आत काय घालायचं

डिसेंबर उजाडला की ओळखीतली पोरं सरप्लस, म्हणजे सैन्याकडं जादा झालेलं आणि विकायला काढलेलं, मिलिटरी जॅकेट दाखवायला आणतात आणि पहिला प्रश्न हाच, "हे गरम राहतंय का?" अरे, फील्ड जॅकेट गरम राहण्यासाठी बनलेलंच नाहीये. त्याचं काम वारा अडवायचं. ऊब आतल्या कपड्यांनी धरायची असते, हे कुणी सांगत नाही आणि मग लोक जाड जॅकेट घेऊन ट्रेकला डोंगरावर जाऊन कुडकुडतात.

रंग आधी ठरवा. प्लेन ऑलिव्ह ग्रीन घ्या, ठिपक्यांचं नको, बिल्ले तर अजिबात नकोत. आपल्या सैन्याने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या कॉम्बॅट पॅटर्नचे (लढाईच्या गणवेशावरच्या नक्षीचे) हक्क नोंदवून घेतलेत, तो परवानगीशिवाय शिवून विकता येत नाही. आणि लोकांनी आपल्याला जवान समजावं म्हणून तसा वेश करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. कायदा सोडा, तो कपडा ज्यांनी कमावलाय त्यांचा आहे.

मॉडेल म्हणाल तर अमेरिकन एम-६५ बघा. १९६५ चं डिझाइन, अर्धं नायलॉन अर्धं कॉटन असं दाट विणीचं कापड, पुढे चार मोठे खिसे, कॉलरमध्ये गुंडाळलेली टोपी, आत बटणांनी लागणारा लायनर, म्हणजे काढता येणारं उबदार अस्तर. जर्मन पार्का पण चांगला पण लांबीला जास्त, शिडी चढताना गुडघ्याकडं अडकतो. दोन्ही वॉटरप्रूफ नाहीत, पावसाळ्यात घालू नका, भिजलं की ओझं होतं.

अस्सल आहे का ते लेबलवर बघा, तिथं सहसा १३ आकडी स्टॉक नंबर (सैन्याचा माल ओळखायचा क्रमांक) असतो, कपड्यांचा बहुतेक वेळा ८४१५ ने सुरू होतो. लेबल धुऊन गेलं असेल तर आत लायनरची बटणं आहेत का बघा आणि कापड बोटांत चोळा, निव्वळ पॉलिस्टर लगेच कळतं. चेन दहा वेळा वरखाली करा. काख आणि कोपर उजेडासमोर धरा, तिथंच कापड आधी विरतं.

साइज घेताना स्वेटर घालून जा. अमेरिकन साइज मुळातच आत कपडे मावतील अशी मोठी असते, त्यामुळं अजून एक साइज वाढवायची गरज नाही. दोन्ही हात पुढं करून स्वतःला मिठी मारा, पाठ ताणली नाही म्हणजे झालं.

आता खरा विषय, ज्याच्यात मी स्वतः दोन हिवाळे मार खाल्लाय. कळसूबाईला पहिल्यांदा गेलो तेव्हा आत सुती बनियन, वर लोकरी स्वेटर, वर लायनर लावलेलं एम-६५, असा सगळा जामानिमा पायथ्याच्या बारी गावातूनच अंगावर चढवून रात्री निघालो. शिड्यांपर्यंत बनियन पिळून काढावं इतकं ओलं. वर देवीच्या मंदिराजवळ सूर्योदयाची वाट बघत बसलो आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले, बनियन पाठीला बर्फासारखं चिकटलेलं, जॅकेट कितीही आवळलं तरी काही फरक नाही, कारण थंडी बाहेरून नव्हे तर त्या ओल्या कापडातूनच अंगात शिरत होती.

हिशोब साधा आहे. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, कळसूबाई १६४६ मीटर, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं. म्हणजे इथं पहाटे १४ असेल तर वर ६-७ धरून चाला, वारा वेगळाच. त्यात ओलं सुती कापड अंगाला.

सोलापूरकर असून सुती कापडाविरुद्ध बोलायचं जिवावर येतं, चादर आणि टॉवेल आपलेच, पण टॉवेल पाणी धरून ठेवतो म्हणून तर चांगला असतो ना? तोच गुण ट्रेकला घात करतो. म्हणून अंगाला लागून पॉलिस्टरचा खेळाचा टीशर्ट किंवा पातळ लोकरीचा बनियन, काहीही झालं तरी सुती नाही. त्यावर पातळ फ्लीस (मऊ, लवदार पॉलिस्टरचा उबदार कपडा) किंवा लोकरीचा हाफ स्वेटर. त्यावर जॅकेट. लायनर आणि जाड स्वेटर एकदम घालू नका, दोन्ही दबून जातात आणि मधली हवा, जी खरी ऊब धरते, तीच निघून जाते.

आणि चढताना जॅकेट बॅगेत. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, पंधरा मिनिटांत अंग तापतं. मध्ये मध्ये बॅगेखाली पाठीवर हात फिरवून बघा, ओल लागली की अजून एक थर काढा. वर पोचलात की बसायच्या आधी टीशर्ट बदला, कोरडा घाला, मगच फ्लीस, लायनर, जॅकेट, चेन गळ्यापर्यंत, कंबरेची दोरी आवळून. दमलो म्हणून आधी पाच मिनिटं बसू नका, त्या पाच मिनिटांतच अंग गार पडतं.

सोलापूरजवळ नान्नजच्या अभयारण्यात पहाटे काळवीट बघायला जाणार असाल तर उलटं, तिथं चालणं कमी, बसणं जास्त, घरातूनच सगळं घालून निघा, बाइकवर वारा लागतोच.

परत आलात की लायनर काढून दोन्ही वेगवेगळे, उलटे करून सावलीत वाळवा, धुताना सॉफ्टनर वापरू नका. लायनरची बटणं तपासा, सैल झालेलं त्याच दिवशी जाड दोऱ्यानं शिवून घ्या, तसलं बटण नंतर मिळता मिळत नाही.