गोठ्यात एकाच रेड्याचं रक्त फिरायला लागलं तर काय करायचं

आमच्याकडं १८ म्हशी आहेत, सगळ्या पंढरपुरी. मागं एकदा चहा पिता पिता सहज हिशोब केला की कुठल्या म्हशीचा बाप कोण, आणि बघतो तर १८ पैकी ११ जणी एकाच रेड्याच्या पोरी निघाल्या! रेडा भारी होता यात वाद नाही, शिंगं खांद्याच्या मागं गेलेली, पाडव्याला म्हशी सजवून काढतात तेव्हा सगळ्या गावाची नजर त्याच्यावर असायची, म्हणून जो तो आपली म्हैस त्याच्याकडंच घेऊन जायचा. लोचा तिथंच होतो. गोठा भरलेला दिसतो पण रक्त एकाच घरचं असतं.

आधी एक गणित बघा, घाबरू नका सोपं आहे. ४ गुणिले रेडे गुणिले म्हशी, आणि भागिले रेडे अधिक म्हशी. १ रेडा आणि २० म्हशी असतील तर उत्तर येतं ३.८, म्हणजे रक्ताच्या वेगळेपणाच्या हिशोबानं तुमच्याकडं जेमतेम ४ जनावरं आहेत. आता म्हशी १०० करा आणि रेडा १च ठेवा, उत्तर ३.९६. म्हणजे ८० म्हशी वाढवून काहीच पदरात पडलं नाही, पण २० म्हशींनाच २ रेडे वापरले तर आकडा थेट ७.३ वर जातो. म्हणून मी म्हशी मोजायचं सोडलं, बाप मोजतो.

जवळच्या नात्यात भरवलं की काय होतं हे जुन्या गवळ्यांना आकडे नसले तरी माहीत होतंच. बाप-लेक किंवा सख्खे भाऊ-बहीण असतील तर होणाऱ्या रेडकात इनब्रीडिंग (म्हणजे जवळच्या नात्यातलं रक्त दोन्हीकडून एकत्र येणं) २५ टक्के, बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर १२.५, आजा-नात पण १२.५, चुलत भावंडं ६.२५. त्रास एकदम दिसत नाही हो, हळूहळू दिसतो. रेडी उशिरा माजावर येते, म्हशी उलटायला लागतात म्हणजे भरवूनही गाभ धरत नाहीत, रेडकं बारकी जन्मतात, दूध थोडं थोडं उतरत जातं आणि आपण खापर पेंडीवर फोडतो.

तर पहिलं काम वही. ॲप चालेल पण गोठ्यात शेणाचे हात असताना वहीच बरी पडते. प्रत्येक जनावराची एक ओळ: कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, आई, बाप, आईचा बाप, कधी भरवली, कधी व्याली. आईच्या बापाचा रकाना विसरू नका, आजा-नात तिथंच सापडते. बापाचं नाव नुसतं "पाटलाचा रेडा" असं लिहू नका, पाटलाकडं चार वर्षांत तीन रेडे होऊन जातात.

आता कांडी, म्हणजे रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी. बऱ्याच जणांना वाटतं कृत्रिम रेतन केलं की नात्याचा प्रश्न मिटला. अजिबात नाही! एका रेड्याच्या हजारो कांड्या निघतात आणि त्याच भागात वर्षानुवर्षं येत राहतात. माझ्याबाबतीत तेच झालं, रेडी कांडीची होती आणि ती पहिल्यांदा माजावर आली तेव्हा तिला तिच्या बापाचीच कांडी भरली गेली, मी विचारलं नाही आणि भरणाऱ्यानं सांगितलं नाही. रेडकू झालं ते चौथ्या दिवशी गेलं. नात्यामुळंच गेलं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण तेव्हापासून मी रिकामी नळी मागून घेतो. नळीवर बारीक अक्षरात रेड्याचा नंबर, जात आणि तारीख छापलेली असते, डोळ्याला दिसत नाही पण मोबाईलनं फोटो काढून झूम केलं की व्यवस्थित वाचता येतं. नंबर वहीत, नळी कचऱ्यात. खरं तर भरायच्या आधीच वाचायचं, कारण कांडी एकदा कोमट पाण्यात घातली की परत ठेवता येत नाही.

घरचा रेडा ठेवणार असाल तर तारीख पाळा. आज त्याला लावलेली म्हैस १० महिन्यांनी व्याणार, तिला झालेली रेडी अडीच-तीन वर्षांनी माजावर येणार, म्हणजे तुमच्या हातात साधारण तीन वर्षं आहेत. तिसऱ्या वर्षी रेडा गोठ्याबाहेर गेलाच पाहिजे, जीव लागलेला असला तरी. आणि एक चूक सगळेच करतात, मी पण केलीय, सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या म्हशीचा रेडा स्वतःच्याच गोठ्यात ठेवायचा. त्याचा बाप आणि तुमच्या निम्म्या म्हशींचा बाप एकच असेल तर ती सावत्र भावंडंच झाली. असा रेडा चांगला आहे ना, मग दुसऱ्याला द्या आणि त्याचा आपण घ्या.

आम्ही तीन गोठ्यांनी हेच केलंय. माझा रेडा दुसऱ्याकडं, दुसऱ्याचा तिसऱ्याकडं, तिसऱ्याचा माझ्याकडं, आणि फिरायची दिशा कधी उलटी करायची नाही. तीन गोठे लांबच्या गावचे असलेले बरे, शेजारच्या गोठ्यात बहुतेक तुमच्याच रेड्याची पिल्लावळ असते. रेडा आणायच्या आधी ब्रुसेला आणि टीबीची तपासणी करून घ्या, यात नातं-मैत्री बघू नका, एक आजारी रेडा अख्ख्या गोठ्याचे गाभ घालवू शकतो.

मग कोणीतरी म्हणतंच, एवढी कटकट कशाला, मुऱ्हा जातीची कांडी भर की, रक्त बदलतंय! गावठी, कुठल्याच जातीत न बसणारी म्हैस असेल तर खुशाल भरा. पण चांगली पंढरपुरी असताना मुऱ्हा भरणं मला पटत नाही. ही म्हैस अंगानं लहान, कडबा आणि उसाच्या वाड्यावर भागवते, वेळेवर गाभ धरते, कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर उभी राहून निवांत धार देते. दोन-तीन पिढ्या मुऱ्हा भरला की हे गुण निघून जातात आणि मग शुद्ध पंढरपुरी रेडा शोधत फिरा. विविधता पाहिजे ती जातीच्या आत, वेगवेगळ्या घराण्यांचे पंढरपुरी रेडे वापरून. नागपुरी आणि मराठवाडी म्हैसवाल्यांनाही हेच लागू.

आणि वही बघून ११ म्हशी एका बापाच्या निघाल्या म्हणून घाबरून विकू नका. इनब्रीड झालेल्या म्हशीला नात्याबाहेरचा रेडा लावला की तिच्या रेडकात ते इनब्रीडिंग उतरत नाही, एका पिढीत सुटका. आम्ही त्या ११ जणींना दोन वेगळ्या रेड्यांत वाटून टाकलं, ६ एकाला आणि ५ दुसऱ्याला, आणि प्रत्येकीच्या गव्हाणीवरच्या भिंतीवर खडूनं तिच्या रेड्याचं नाव लिहून ठेवलं, कारण रात्री माज ओळखला की सकाळी म्हैस घेऊन जाणारा मी असेनच असं नाही, पोरगा नाहीतर गडी असतो.