मॅचला पुण्याला निघताय? बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींनी या चुका टाळाव्यात

पुण्याजवळच्या गहुंज्याच्या क्रिकेट स्टेडियमवर भारताचा सामना जाहीर झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत तिकिटांची धावपळ सुरू होते. तिकिटं हाती आली की पुढचा बेत जवळजवळ ठरलेला असतो. भल्या पहाटे निघायचं, वाटेत कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन, मग पुण्यात शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, संध्याकाळी मॅच आणि रात्रीच परत. एवढ्या लांब जातोय तर शहरही बघून घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. पण या बेतात सगळ्यात आधी बळी जातो तो सामन्याच्या पहिल्या तासाचा. ज्यासाठी पैसे साठवले, रजा टाकली, तेच अर्धवट बघून पोरं परत येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्टेडियम पुण्यात आहे असं धरून चालणं

स्टेडियम आहे मावळ तालुक्यातल्या गहुंजे गावात, मुंबई एक्स्प्रेसवे सुरू होतो त्या बाजूला. शनिवारवाड्यापासून ते साधारण २५ किलोमीटर पडतं आणि मॅचच्या दिवशी दुपारनंतर या अंतराला दीड-दोन तास सहज लागतात. जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम असतं. १९९६ च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला हरवलं ते तिथंच. घरातले काका-मामा त्याच आठवणीवर "स्वारगेटला उतरा, समोरच आहे" असं सांगतात आणि पोरं तसं करतातही. आता आंतरराष्ट्रीय सामने गहुंज्यालाच होतात.

आपल्याकडून स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना तर पुण्यात शिरायची गरजच नाही. आपला हायवे कात्रज, वारजे, चांदणी चौक, वाकड, रावेत असा पुणं उजव्या हाताला ठेवून थेट गहुंज्याजवळच्या किवळ्याला पोचतो. म्हणून सामन्याआधी दोन-तीन तास हाताशी असतील तर स्टेडियमच्या बाजूचंच एखादं ठिकाण निवडा. माझ्या मते त्यासाठी देहूसारखी जागा नाही. तुकोबांचं गाव, इंद्रायणीचा घाट, गाथा मंदिर, आणि तिथून देहू रोडमार्गे गहुंजे जवळ. आपल्या भागातून आषाढीला पायी जाणारी कितीतरी घरं आहेत, त्यांच्या पोरांनी मॅचच्या निमित्तानं देहू बघावं असं मला फार वाटतं. नाहीतर चिंचवडचं मोरया गोसावींचं मंदिर आहे. मात्र देहूला आळंदी जोडायला जाऊ नका, वेळ तिथंच संपेल.

शहरच बघायचं असेल तर आदल्या दिवशी जा. ते जमत नसेल तर गाडी शहरात घालण्यापेक्षा मेट्रो बरी. स्वारगेट ते पिंपरी हा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. मंडई स्टेशनला उतरलात की दगडूशेठ आणि तुळशीबाग पायी होतात. नंतर शिवाजीनगरला येऊन लोणावळा लोकल धरायची आणि बेगडेवाडीला उतरायचं. तिथून स्टेडियम अजून काही किलोमीटर आहे. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवा.

वाटेत कोल्हापूर "उरकून घेऊ" म्हणणं

बेळगाव ते पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे न थांबता सहा-सात तास. सातारा ते कागल पट्ट्यात सहापदरीकरणामुळे गाडी कुठं सर्व्हिस रोडवर उतरेल याचा नेम नाही. त्यात अंबाबाईची रांग आणि नंतरचा तांबडा-पांढरा धरला तर दोन-अडीच तास गेलेच. सामना संध्याकाळी सातचा असेल आणि पहाटे पाचला बेळगाव सोडून कोल्हापुरात न थांबता आलात, तर दुपारी बाराच्या सुमारास तुम्ही किवळ्याजवळ असता. देहू, जेवण आणि चारच्या सुमारास स्टेडियमकडे, असा दिवस नीट बसतो. एकदिवसीय सामना दुपारी दीडला सुरू होतो. त्या दिवशी कोल्हापूरही नको आणि देहूही नको, शक्यतो आदल्या रात्रीच निघा.

परतीचा विचार सगळ्यात शेवटी करणं

माझा सगळ्यात जास्त आग्रह इथं आहे. बेत परतीपासून उलटा लावत या. मॅच रात्री अकराच्या आसपास संपते, गर्दीतून हायवेला लागेपर्यंत बारा वाजतात. पुढं काय करायचं याचं उत्तर घरातून निघतानाच तयार पाहिजे.

रेल्वेनं येणार असाल तर दादरहून रात्री सुटणाऱ्या चालुक्य आणि शरावती एक्स्प्रेस मिरजमार्गे बेळगावला येतात. त्या पुण्यात पोचतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते आणि इथंच तारखेचा घोळ होतो. सामना शनिवारी असेल तर पुण्याहून बसायचं तिकीट रविवारच्या तारखेचं लागतं. शनिवारचं काढलंत तर तुमची गाडी मॅचच्या आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. शिवाय गहुंज्याहून पुणे स्टेशन लांब आहे. सामना लांबला तर ही गाडी चुकू शकते, हे मनात धरूनच बुकिंग करा. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावहून सकाळी निघून दुपारी पुण्यात सोडते, जायला उत्तम. पण ती रोज नाही आणि पुण्याहून परतते दुसऱ्या दिवशी.

खासगी ट्रॅव्हल्सनं येणाऱ्यांनी बसायची जागा स्वारगेट देऊ नये. मुंबईहून बेळगाव-गोव्याकडे येणाऱ्या बऱ्याच स्लीपर गाड्या वाकड, चांदणी चौक मार्गानं रात्री पुढं जातात. वाकडची जागा मागा. ती गहुंज्याकडून सोपी पडते.

आता गाडी करून जाणाऱ्यांबद्दल. क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरते, ड्रायव्हर ओळखीचाच असतो, त्यालाही एक तिकीट काढतात. प्रेमापोटी केलेली ही गोष्ट जिवावर बेतू शकते. पहाटे चारला उठलेला माणूस दिवसभर गाडी चालवतो, संध्याकाळी मॅच बघतो आणि मध्यरात्री पुन्हा साडेतीनशे किलोमीटरला बसतो. पुढं खंबाटकीचा पट्टा, अर्धवट कामांचे डायव्हर्शन, आणि झोप लागण्याची वेळ पहाटे तीन ते पाच. दोन ड्रायव्हर घ्या, किंवा ड्रायव्हरला दुपारपासून गाडीत झोपू द्या, नाहीतर रात्री वाकड-रावेत भागात लॉज घेऊन सकाळी निघा. चौघांत वाटून घेतला तर लॉजचा खर्च झेपण्यासारखा असतो. यात कुणी हट्ट करत असेल तर ग्रुपमधल्या मोठ्यानं बोललंच पाहिजे. केए (कर्नाटक) पासिंगची पिवळ्या पाटीची गाडी असेल तर महाराष्ट्राचा परमिट आणि टॅक्स आदल्या दिवशीच बघून घ्या. सीमेवरच्या कोगनोळीला उभं राहून फोन करत बसण्यात सकाळ जाते.

कसोटीसाठी रविवारचं तिकीट काढणं

नोकरीवाले गुरुवारी सुरू होणाऱ्या कसोटीचं रविवारचं, म्हणजे चौथ्या दिवसाचं तिकीट काढतात. गहुंज्यात पुरुषांच्या तीन कसोट्या झाल्या आहेत आणि एकही पाचव्या दिवसापर्यंत गेली नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियानं भारताला तिसऱ्याच दिवशी हरवलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडनंही तिसऱ्या दिवशी, शनिवारीच सामना संपवला. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी भारतानं चौथ्या दिवशी जिंकली. कसोटी बघायची तर एक दिवस रजा टाका आणि पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच जा.

फिरायची बॅग घेऊन गेटवर पोचणं

दिवसभर फिरायचं म्हणून पाठीवर सॅक, तीत पाण्याची बाटली, पॉवर बँक, चार्जर, टिफिन. गेटवर यातलं बहुतेक काहीच आत सोडत नाहीत आणि बॅग ठेवायला जागा मिळेल याची खात्री नसते. सामान गाडीतच ठेवा. रेल्वेनं गेलात तर पुणे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका, पण मग परत तिथं यावं लागेल, हे परतीच्या हिशेबात धरा. पॉवर बँक आत जात नसल्यामुळे मोबाईलची बॅटरी दुपारी फोटो काढण्यात संपवू नका. रात्री अकराला ड्रायव्हरचा नंबरही त्याच मोबाईलमध्ये असतो, म्हणून दोन-तीन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा आणि एकमेकांना शोधायची जागा ठरवून आत जा.

इथल्या बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. दुपारचा सामना असेल तर टोपी हवीच. २०२४ च्या कसोटीत पहिल्या दिवशी प्रेक्षकांचे पाण्यावाचून हाल झाले आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला माफी मागावी लागली होती. आत शिरल्यावर पाणी कुठं मिळतंय ते आधी बघा, मग सीट.

ऑनलाइन बुकिंग झालं म्हणजे तिकीट हातात आलं असंही नाही. अनेक सामन्यांना छापील तिकीट लागतं. ते घरपोच येण्याच्या यादीत खानापूर-कागवाडचा पिनकोड आहे का आणि नसेल तर काउंटर कुठं, किती वाजेपर्यंत, हे बुकिंग करतानाच वाचा.

सीमेवरचं वातावरण न बघता एसटीवर विसंबणं

आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसवर हल्ले झाले आणि बससेवा काही दिवस विस्कळीत झाली. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आपला काळा दिवस) आसपास आणि बेळगावात भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनाच्या काळात सामना असेल तर रेल्वेचं तिकीट हाताशी असू द्या. बस बंद पडली तरी निपाणीपर्यंत आणि पुढं कागलहून जायची सोय आधी विचारून ठेवा. महिलांसाठीची एसटीची ५० टक्के सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, भाड्याचा हिशेब त्याप्रमाणे करा.

बंगळूरलाही हाच बेत लावणं

चिन्नास्वामी स्टेडियम शहराच्या मध्यात, कब्बन पार्कला लागून आहे, मेट्रो दारात. तिथं फिरणं आणि मॅच एका दिवसात खरोखर जमतं, पण बेळगावहून अंतर ५०० किलोमीटरच्या पुढं आहे. रात्रीच्या रेल्वेनं जायचं आणि मॅचनंतर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघायचं. तिकीट नसताना "गेटवर काहीतरी होईल" म्हणून मात्र जाऊ नका. ४ जून २०२५ ला याच मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. गर्दी दाटू लागली तर तिकीट हातात असलं तरी मागं सरका आणि दुसऱ्या गेटची चौकशी पोलिसांकडं करा.